मोटारीतला रेडिओ

गावचे इनामदार अप्पासाहेब यांच्या मोटारीला कारखान्यातूनच रेडिओ बसवून आला होता. इंजिन चालू असलं की त्यातून नुसती खरखर यायची. बंद केलं की शेजारी बसल्यासारखा माणूस बोलायचा.

तापाने फणफणलेल्या धाकट्या मुलाला, परशाला, नागोजी त्याच मोटारीतून कणकुंबीहून बेळगावच्या दवाखान्यात नेत होता. थोरला सातेरी ब्रह्मदेशात लढाईवर होता. जंगलातल्या रस्त्यावर खरखरीतून 'ब्रह्मदेश' एवढाच शब्द कानावर आला आणि नागोजीने ड्रायव्हर भरमूचा खांदा धरला.

"इंजिन बंद कर रं. सातेरीकडलं सांगत्यात."

"आण्णा, रेडिओ बॅटरीवर चालतोय. लई जुनी हाय ती. उतरली तर गाडी सुरू व्हायची न्हाय."

"एवढी बातमी ऐकू दे रं."

भरमूने इंजिन बंद केलं. जपान शरण आला होता, लढाई संपली होती. नागोजी रडत रडत हसला. "परशा, दादा येतोय रं तुझा!"

त्यानंतर मोटार सुरू झाली नाही. हँडल मारून मारून भरमूचे तळहात सोलून निघाले.

दिवाळीला सातेरी घरी आला. वळकटी उतरवता उतरवता त्याने विचारलं, "बाबा, परशा कुठाय?"

"तुझी बातमी ऐकाय थांबलो रं वाटंत," नागोजी म्हणाला.