लिंबाचं नको, काळं

कडी हलेना. मयुराने दोन्ही हातांनी ओढून पाहिली, चपलेने ठोकून पाहिली, शेवटी हात टेकले. चारोटीच्या हायवेवरच्या हॉटेलातलं हे बाथरूम रोज ॲसिड ओतून धुतलं जायचं. त्या वाफेने लोखंडी कडी अशी गंजली होती, की लावताना कशीबशी सरकली आणि तिथेच रुतून बसली.

बाहेर सगळं घर गोळा झालं. तलासरीला साखरपुड्याची मंडळी ताटकळत बसलेली, आणि नवरी मुलगी डहाणूहून नटूनथटून निघून संडासात अडकलेली.

"घाबरू नका बेन," हॉटेलवाले नविनभाई दाराशी येऊन म्हणाले. "वेल्डिंगवाल्याला फोन केलाय. येतोच तो."

"मयु, तुला काही हवंय का बाळा?" बाबांनी विचारलं.

मयुराला आधी हसू आलं, मग रडू. स्थळ आल्यापासून हा प्रश्न तिला कोणी विचारलाच नव्हता. ऋषभची आई बघण्याच्या दिवशीच म्हणाली होती, "आमच्याकडे सुना नोकरी करत नाहीत." बाबांनी मयुराकडे न बघताच मान डोलावली होती. ती वापीच्या एका कोल्ड्रिंकच्या कारखान्यात केमिस्ट होती. बाटलीतलं ॲसिड तपासणं हे तिचं काम. घरात सगळे त्याला टाइमपास म्हणायचे. तिला मात्र त्या लॅबमध्ये पाऊल टाकलं की मोकळं वाटायचं, आपण कोणीतरी आहोत असं वाटायचं. हे बोलायला गेली की आई म्हणायची, "त्यांची एवढी चिकूची वाडी आहे, तुला कमी काय पडणार आहे?" हळूहळू ती बोलेनाशीच झाली. घरात तिचा जीव घुसमटत होता. इथे निदान वर झरोका तरी होता.

"चक्कर येईल हिला," बाहेर आई म्हणत होती. "धनेश, वरून काहीतरी थंड दे तुझ्या बहिणीला. लिंबाचं दे."

"लिंबाचं नको," मयुरा आतून म्हणाली. "काळं दे."

"बघा. अशा वेळीही हिचे नखरे काही जात नाहीत."

नखरे नव्हते ते. लिंबाच्या कोल्ड्रिंकमध्येही ॲसिड असतं, पण ते सायट्रिक. काळ्यात असतं फॉस्फरिक, आणि गंज खाण्यात ते जास्त तरबेज. बुडबुड्यांचं जे ॲसिड असतं, ते तर फेसाबरोबर उडूनच जातं, त्याच्या भरवशावर कोणी राहू नये. धनेशने झरोक्यातून बाटली सोडली. मयुराने रुमाल भिजवून कडीभोवती गच्च गुंडाळला आणि वरून थोडं थोडं ओतत राहिली. साखरेने बोटं चिकट झाली. नव्या साडीवर तपकिरी ओघळ आले. आता आई काय म्हणेल, असं तिच्या मनात आलं, आणि त्याचं तिला काहीच वाटलं नाही. रुमाल तांबूस होत गेला. चपलेच्या टाचेने ती कडीला मागेपुढे ठोकत राहिली.

बाहेर बाबांचा फोन वाजला. ऋषभचे वडील होते.

"हो हो, निघतोच आहोत," बाबा म्हणाले. "छे छे, नोकरीचं तेव्हाच ठरलंय. या महिन्यात सोडतेय ती."

तेवढ्यात कडी सरकली. करकर करत पार शेवटपर्यंत गेली. दार आता नुसतं ढकलायचं होतं. दार ढकललं की गाडी, गाडीतून तलासरी, तलासरीत अंगठी.

मयुरा दाराकडे बघत उभी राहिली. मग तिने चिकट हात साडीलाच पुसले.

"बाबा, त्या वेल्डिंगवाल्याला परत पाठवा."

"का गं? निघाली का कडी?"

"निघाली होती. पुन्हा मीच लावून घेतलीय. ऋषभच्या वडिलांना फोन करा, मयुरा नोकरी सोडणार नाही म्हणून सांगा. मग उघडते."