पेरूचोर

"चोरून पेरू खाल्ला आणि शिक्षा नाही? पोरं काय शिकतील यातून?"

बालपुस्तकांच्या कार्यशाळेत सरांनी हेमांगीच्या चित्रपुस्तकाचं शेवटचं पान सगळ्यांसमोर वर धरलं. पानावर एक पोरगी फांदीवर बसून मजेत पेरू खात होती.

"हिला झाडावरून पाड, माफी मागायला लाव आणि खाली तात्पर्य लिही. तरच छपाईला निवडतो."

पहिलंच पुस्तक. हेमांगीचा सगळा जीव त्यात अडकला होता. तिनं निमूट ब्रश उचलला. आली एकदाची ताळ्यावर, म्हणून सर खुशीत हसले.

तिनं पोरीच्या मोकळ्या हातात दुसरा पेरू रंगवला.

"अगं, आता हे छापणार कोण?"

"नका छापू, सर. पण तिला मी पाडणार नाही. आणि तात्पर्य हवंच असेल तर लिहा, पेरू गोड होता."