बिनब्रेकची स्कूटर

बीपी नॉर्मल आलं तसं आमच्या आबासाहेबानं ठोके आवरणारी गोळी स्वतःच बंद केली आणि गल्लीभर पेढे वाटले. ही गोळी एकदम सोडू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण डॉक्टर शिकलेले, आबा हुशार. आता छाती धडधडायला लागली, वहिनी रडकुंडीला आल्या, तरी हा म्हणतो, "बीपीच राहिलं नाही, मग गोळी कशाला?"

मी म्हटलं, "खरंय. चल, नारायणगुड्याला चहा पाजतो."

आबा स्कूटरवर मागं बसला. मी किक मारली.

"आणि हो, ब्रेक काढून टाकले कालच. गाडी कधी कुठं धडकलीच नाही, मग ब्रेक कशाला?"

आबा टुणकन खाली उतरला. "पागल झालास का? ब्रेक होते म्हणून धडकली नाही."

"असं होय," म्हणून मी त्याच्या छातीकडं बघत राहिलो.

आबानं छातीवर हात ठेवून बघितला. मग म्हणाला, "दवाखान्यात येतो. पण ऑटोनं."

ऑटो थांबला. बसायच्या आधी आबानं वाकून विचारलं, "भाई, ब्रेकां बराबर हैं ना?"