माळावरचं पितळ

भिंगारच्या लष्करी सरावाच्या माळावर सापडणाऱ्या तोफेच्या शेलला बुडाशी लहानशी टोपी असते. शेल उडाला की तिच्यावर खळगा पडतो.

शास्त्र शिकवणाऱ्या लिडियाबाईंच्या ओसरीवर मोड गोळा करणारा गिदोन असाच एक शेल ठोकून फुलदाणी करत होता, त्यांच्याचसाठी.

“बाई, तुमच्या पुस्तकात शेल म्हंजी काय?”

“अंड्याचं कवच, गोगलगाईचा शंख, अणूभोवतीचा थरसुद्धा.”

“लईच की! आमच्यात येकच, मोडीचं पितळ.” हसत त्याने शेल उलटा केला. लिडियाबाईंना दिसलं, टोपी गुळगुळीत होती. शेल उडालेलाच नव्हता; आतली दारू तशीच होती.

गिदोनने हातोडी उचलली. “लढाई संपली, पन लग्नाचं तुमचं उत्तर न्हाई. आज हो म्हना, न्हाईतर ठोकतच बसतो.”


“हो,” लिडियाबाई अगदी हळू म्हणाल्या, “करते लग्न. ती हातोडी अलगद खाली ठेवा.”