सायरागुल आजीची दुवा

“डॉक्टर, जुनं स्वस्तातलं पेनिसिलिन नाही का चालणार?” नारीन शहरातल्या दवाखान्यात नातवाचा सुजलेला घसा दाखवत सायरागुल आजीनं विचारलं.

“त्याचा काळ गेला, आजी. ही परदेशी इंजेक्शनंच लागतील.” ती बनवणाऱ्या कंपनीनं दिलेलं सहलीचं तिकीट डॉक्टर एर्मेकच्या खणात होतं.

आठवड्यानं आजी कुमिसची बाटली घेऊन आली. इंजेक्शनांपायी दुभती घोडी विकली होती. तिच्या आंबवलेल्या दुधाची ही शेवटची बाटली.

“पोर खडखडीत बरं झालं!” तिनं दोन्ही तळवे पसरले. “लेकरा, तुझ्या मुलीलाही तुझ्यासारखाच डॉक्टर भेटो!”

आमीन म्हणून तोंडावरून फिरवायला एर्मेकचे हात उठेनात.

 

त्याच्या मुलीचा सुजलेला घसा कालच बरा झाला होता, पेनिसिलिनच्या त्याच जुन्या गोळ्यांनी.