मांडीएवढ्या उंचीवर

"ही कुणाची कामगिरी?" मुकादमाने विचारलं.

भिंतीला पुट्टी लावून झाली होती. वर गुळगुळीत, खाली गुळगुळीत. मधे, मांडीएवढ्या उंचीवर, वीतभर रुंद पट्टा या टोकापासून त्या टोकापर्यंत कोरा.

दोघे कारागीर भिंतीकडे असे बघत होते, जणू ती आत्ताच कुणीतरी आणून ठेवली होती.

दोघे साडू. चौदा वर्षं जोडीने भिंती करत होते. थोरला उभ्याने वरचं करायचा, म्हणून कामावर त्याचं नाव शिडी. धाकटा बसून खालचं करायचा, म्हणून त्याचं पाट. मधे एकाचा हात दुसऱ्याच्या हातावरून असा फिरायचा की सांधा शोधून सापडत नसे. अलीकडे मात्र शिडी दर भिंतीला बोटभर वरच थांबायचा, पाट बोटभर खाली. उरलेलं साडू सांभाळून घेतील, असं दोघांनाही वाटायचं.

'दुखतं' हा शब्द या कामावर चालत नसे. "दुखतं त्याने घरी बसावं," हे मुकादमाचं वाक्य सगळ्यांना पाठ होतं. त्यामुळे दुखणं घरीच राहायचं. दोघी बहिणी एकमेकींच्या नकळत एकच मलम आणायच्या आणि सकाळी नवऱ्याला चोळून कामावर धाडायच्या. दोघांच्या अंगाला एकच वास, म्हणून कुणाला दुसऱ्याचा यायचा नाही.

"आत्ता भरा. माझ्यासमोर."

"घ्या साडूभाऊ," शिडी म्हणाला.

"छे, थोरल्याचा मान."

"मान कसला? तुमच्या हद्दीत आहे."

"हद्द तुम्हीच वर सरकवलीत."

मुकादम जागचा हलला नाही. शेवटी पाटाने बसल्या जागी पुट्टी ओढायचा पत्रा उचलला. हात खांद्याशी आला आणि तिथेच थांबला. शिडीने तो पत्रा घेतला आणि वाकला. म्हणजे मान वाकवली. बाकीचा सरळच राहिला.

"कंबर," तो म्हणाला. "चार वर्षं."

"खांदा. तीन."

"बोलला नाहीत कधी!"

"तुम्ही बोललात?"

मग दोघे निघायची तयारी करू लागले. पाटाचा डबा उंच खिळ्याला होता, तो शिडीने काढून दिला. शिडीच्या चपला कोपऱ्यात होत्या, त्या पाटाने त्याच्या पायाशी आणून ठेवल्या.

मुकादमाने रिकामी बादली पायाने पालथी केली आणि पाटापुढे सरकवली.

"यावर बस. हात वर न्यावा लागणार नाही."

"म्हणजे... घरी नाही जायचं?"

मुकादमाने उजवी मूठ वळून दाखवली. बोटं अर्ध्यावर येऊन अडली.

"तुम्हाला काय वाटलं, मी हुशारीवर मुकादम झालो?"