दोनच माणसांची मोटार

"मोटार आज दारातनं हलली न्हाई, तर मी ह्या घरात घास खाणार न्हाई," धुरपताबाई म्हणाल्या आणि पुढ्यातलं ताट त्यांनी सरकवून दिलं.

बन्सीधर जोत्यावर बसून नखं कुरतडत होता. तीन वर्षं लंडनला राहून बॅरिस्टर होऊन आलेला त्यांचा एकुलता लेक. पण आईपुढं मान काही वर होत नव्हती.

"माय, सडक लय खराब हाय."

"बर्फाच्या डोंगरावरनं नेली म्हणतूस ना हीच मोटार? आन ताडकळस-परभणीची सडक तिला जड झाली व्हय?"

बन्सीधरनं दुसरं नख दातांत धरलं.

धाकटी लेक दैवशाला पहिलटकरीण म्हणून माहेरी आली होती. अडली, म्हणून परभणीच्या दवाखान्यात न्यावी लागली. मुलगी झाली. आज घरी सोडणार होते. सकाळीच लिंबाजी गडी मोटारीसाठी पेट्रोलचा डबा घेऊन परभणीहून आला, तो विहिणीचा निरोपही घेऊन. छबूबाईंनी चारचौघांत सांगितलं होतं, "ओली बाळंतीण मी बैलगाडीत हादरत पाठवणार न्हाई. तुमच्या इलायती मोटारीचा लय डंका ऐकलाय. चारपर्यंत ती आली तर लेक तुमची. न्हाई तर आमी रेल्वेनं पिंगळीला आमच्या घरी घेऊन जातो."

पहिलं बाळंतपण सासरी झालं म्हणजे माहेर मेलं, असंच गाव धरून चालतं. बाळंतिणीच्या खोलीत नवी बाज विणून तयार होती. शेगडी, ओवा, डिंकाचे लाडू, सगळं तयार होतं. धुरपताबाईंच्या छातीत निखारा फुलला होता.

डंका त्यांनीच पिटला होता, हेही खरं. लेकानं तिकडून सहा फोटो पाठवले होते. सगळ्यांत तीच मोटार. वर टप नाही, घोड्याच्या पोटाखालून जाईल एवढी ठेंगणी, दोनच माणसांची. कुठं मागं बर्फ, कुठं द्राक्षाचे मळे, कुठं समुद्र. आत कातडी टोपी, डोळ्यांवर मोठे चष्मे आणि लांब कोट घालून चाकामागं बसलेला गडी. धुरपताबाईंनी ते फोटो आल्यागेल्याला दाखवले होते.

"पण ह्ये काढले कुणी रं?" तो परत आल्यावर त्यांनी विचारलं होतं.

"मीच," बन्सीधर हसून म्हणाला होता.

आतही हाच आणि बाहेरही हाच. इलायती यंत्र, आपोआप काढत असंल. हेसुद्धा त्यांनी गावाला कौतुकानं सांगितलं होतं.

आणि मोटार गावात आली कशी? पिंगळीच्या टेशनावरून, बैलजोडी जुंपून. पेट्रोल मिळालं नाही म्हणे. बन्सीधर बैलांपुढं पायी, आणि सूनबाई सुमन आत चाक धरून महाराणीसारखी बसलेली. नवरा धुळीत आणि ही मोटारीत. शेजारच्या दगडाबाईनं तोंडावर विचारलं होतं, "धुरपता, ह्या मोटारीला पेंड किती लागती गं?" त्याला तीन महिने झाले. मोटार गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली पडून होती. निजाम गेला, जहागिऱ्या गेल्या, तरी ह्या घरावर हसायची हिंमत कुणाला झाली नव्हती. आता दगडाबाईला झाली.

आणि हे सगळं कुणामुळं, ते धुरपताबाईंना पक्कं ठाऊक होतं.

सुमन आतल्या दाराशी पाळण्याजवळ बाळाला पाजत बसली होती. नातू तिकडंच झालेला, आठ महिन्यांचा. पिता पिता तो आईच्या मंगळसूत्राशी खेळत होता.

"तूच अडवून धरलंस त्याला," धुरपताबाई तिच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"मी कुठं अडवलंय, आत्याबाई?"

"दोन शिटं. एक चालवणाऱ्याचं, दुसरं तुझं. तिथं नणंद बसली तर तुझं राज्य बुडतं व्हय? माझी लेक तिकडं रडायलीय आन तू हितं मिजास करायलीस."

सुमननं नवऱ्याकडं पाहिलं. "सांगा ना तुम्ही."

बन्सीधर पायाच्या अंगठ्याकडं बघत राहिला.

"त्यो काय सांगतो? तुझ्या मुठीत हाय त्यो. ह्या घरात आजपातुर बाईच्या जबानीवर गडी चालला न्हाई." धुरपताबाईंनी बोट रोखलं. "त्या दुसऱ्या शिटावर माझी दैवशाला बसंल. तू न्हाई. कळलं?"

"कळलं."

"शब्द दे."

"दिला. दुसऱ्या शिटावर वन्संच बसतील."

"आन बन्सीला आडवी जाणार न्हाईस."

"नाही जाणार. पण मोटार गेली, की पुन्हा कुणी काही बोलायचं नाही, आत्याबाई. मला नाही आणि ह्यांनाही नाही."

"गेली तर ना."

सुमननं बाळाला खांद्यावर घेतलं, पाठीवरून हात फिरवला. ढेकर येईपर्यंत ती घाई न करता तशीच उभी राहिली. मग त्याच्या टाळूवर ओठ टेकवले आणि नवऱ्याला म्हणाली, "चला आत." दार लागलं. आत पेटी उघडल्याचा आवाज आला.

धुरपताबाई रागानं अंगणात येऊन उभ्या राहिल्या. उन्हं कलायला लागली होती. दोन वाजून गेले असतील.

गोठ्यामागं आधी खोकल्यासारखा आवाज आला. पुन्हा आला. मग अशी गर्जना झाली की बैलांनी दावी ताणली. दगडाबाई पिठाच्या हातानं धावत बाहेर आली. लाल मोटार धूळ उडवत अंगणासमोरून गेली. कातडी टोपी, मोठे चष्मे, लांब कोट. शेजारचं शीट मोकळं, त्यावर बाळंतिणीसाठी घडी घातलेली गोधडी. वळणावर वेग जरासुद्धा कमी झाला नाही.

तीन महिन्यांचा राग धुरपताबाईंच्या तोंडून एकदम बाहेर पडला.

"बघ, दगडे. नीट बघून घे. इहीणसुद्धा बघंल आता. माझा ल्योक हाय त्यो."

"माय," मागून दारातून बन्सीधर म्हणाला. बाळ त्याच्या खांद्यावर होतं. "ह्याच्यासाठी वाटीत दूध कोमट करून ठेव. सुमन येईस्तोवर वरचंच द्यावं लागंल."